तुझ्या हाताचा गुण

माय, परवा पोटाची सोनोग्राफी करायला गेलो होतो. टेबलावर आडवं करून सदरा वर घ्यायला लावला, थंडगार जेली फासली, आणि ते यंत्र फिरवणारी पोरगी, माझ्या नातीच्या वयाची असेल, मधेच थांबून म्हणाली, "आजोबा, हे बेंबीभोवती काय? भाजलं होतं का?" एवढी वर्षं झाली, डाग आता सुरकुत्यांत जवळजवळ बुडालेत, तरी लोकांना दिसतातच. मी म्हणालो, लहानपणीचं आहे. ती म्हणाली, "कोणी केलं?" माझा स्वभाव तुला ठाऊक आहे आणि म्हातारपणी तो काही सुधारलेला नाही. मी म्हणालो, बाई, तू आतलं बघ, बाहेरचं माझं मी बघतो. बिचारीनं पुन्हा यंत्र फिरवायला घेतलं. पण घरी आल्यावर मलाच चैन पडेना. कोणी केलं, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि ज्या माणसाला ते सगळं सांगावं ते माणूस तूच. म्हणून लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन एक जन्म उलटून गेला, हे मला कळतं.

माझ्या जन्माची हकिगत मला तुझ्याच तोंडून माहीत आहे, आणि तू ती इतक्या वेळा सांगितलीस की मला ती आठवतेच असं वाटतं. मी आठव्या महिन्यातच आलो. शिमग्याचे दिवस होते, घरामागे चुलवण पेटलेलं होतं, कढईत हळद शिजत होती आणि बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा तिचा ओला, मातकट वास भरून राहिलेला होता. जन्मल्यावर थोडेच दिवस बरे गेले. मग माझं पोट फुगायला लागलं. हिरवं ओकायचो, शी नाही, वारा सरत नाही. पोटाची कातडी ताणून चकाकायला लागली आणि तिच्याखालच्या निळ्या शिरा मोजता येतील इतक्या उठून दिसायला लागल्या. काकूनं, म्हणजे तुझ्या थोरल्या जावेनं, सांगून टाकलं की हे पोरगं राहत नाही, उगाच जीव लावू नको. तू तिचं ऐकलं नाहीस. छातीला लावलं की मी ओकायचो, म्हणून तू दूध वाटीत पिळून घ्यायचीस आणि कापसाचा बोळा त्यात भिजवून माझ्या ओठांवर थेंब थेंब सोडायचीस. थोडं थांबायचीस, पुन्हा थेंब. पोट फारच ताणलं की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून मागून हळूच लावायचीस. त्यानं वारा सरायचा, कधी थोडी शी व्हायची, पोट जरा खाली बसायचं, आणि काही वेळानं पुन्हा होतं तसं. शिमगा गेला, पाडवा गेला, हळद वाळून वसमतच्या बाजारात गेली, पेरण्या झाल्या, आणि तू तेच करत राहिलीस. पण हकिगत सांगताना हा सगळा भाग तू एका वाक्यात उरकायचीस. "मंग लई दिस तसंच काढले," एवढंच म्हणायचीस. तुझ्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. झाडलोट करावी, शेण काढावं, तसंच ते एक काम होतं.

तुझी गोष्ट खरी सुरू व्हायची ती डोंगरकडा गावच्या म्हातारीपासून. लेकरांची पोटं डागणारी म्हणून ती सगळ्या भागात नावाजलेली होती. आषाढात, मी नुसता हाडांचा सापळा उरलो तेव्हा, आबा, म्हणजे माझे वडील, तिला बैलगाडीतून घेऊन आले. तिनं विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल केलं आणि माझ्या बेंबीभोवती टेकवलं. मी रडलो म्हणे, आणि तुला त्याचाच आनंद झाला, कारण कित्येक दिवस माझ्यात रडण्याइतकंही बळ नव्हतं. आणि मग, माय, त्याच आठवड्यात माझं पोट उतरलं. मी शी केली, दूध पचवलं, पुन्हा फुगलो नाही. घरात साखर वाटली. म्हातारी जाताना तुला म्हणाली, "बाई, तू लई सोसलं. ह्यो हात आता तुला देऊन राहिले म्या." आणि तिनं तुला विळा कसा तापवायचा, किती टेकवायचा, कधी उचलायचा, ते शिकवलं. पुढच्या साली ती वारली. तिचा हात तुझ्याकडे राहिला.

मला आठवायला लागतं ते इथून पुढचं. आपलं स्वयंपाकघर, धुरानं काळं झालेलं आढं, आणि दारात लेकरू घेऊन उभी असलेली कोणीतरी बाई. वसमतकडून यायच्या, कुरुंद्याकडून यायच्या, तुझ्या माहेरच्या साखऱ्याहून सुद्धा एकदा कोणी गाडी जुंपून आलं होतं. तू कोणाकडून काही घेतलं नाहीस, साधा नारळही नाही. घेतलं की गुण जातो, असं म्हातारीनं बजावलं होतं. बाई ओसरीवर टेकली की तू मला हाक मारायचीस. मी खेळत असलो तरी, जेवत असलो तरी यायचं, आणि सदरा वर करून उभं राहायचं. तू त्या बाईला माझे डाग दाखवायचीस. "ह्यो बघ माहा. मेल्यात जमा व्हता." मग माझ्या एकेका डागावर बोट ठेवून, अंतर ध्यानात घेऊन, त्या जागा तू समोरच्या लेकराच्या पोटावर शोधायचीस. म्हातारी तर राहिली नव्हती. तिनं केलेलं काम माझ्याच अंगावर होतं, तेवढं बघून तू चालायचीस. मला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. एकदा तांड्यावरची एक तरणी बाई आली होती. तिच्या हातात ते एवढंसं लेकरू, तिच्या डोळ्यांत पाणी, आणि मी सदरा घट्ट धरून भिंतीशी. मी येत नाही म्हणालो. तू ताडकन उठलीस आणि माझा कान धरलास.

"लाज कशाची वाटून राहिली रे तुला? तुह्या पोटावरल्या डागानं तिच्या जिवाला आधार हाय. कर वर."

मी केला वर. ती बाई माझ्या पोटाकडं बघतच राहिली. तिनं हात पुढं करून माझ्या डागांना हात लावला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला. मी सहा-सात वर्षांचा असेन. देवळातल्या देवाला असंच वाटत असेल का, असा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला होता, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

त्यातली पुष्कळ लेकरं बरी झाली. हे मी तुझ्या बाजूनं सांगतो, कारण ते खरं आहे. साधा वात धरलेली, अपचन झालेली, रडून रडून हवा गिळलेली लेकरं. ती तशीही चार दिवसांत बरी व्हायची होती. डाग देऊन बरी झाली की गुण तुझ्या हाताचा. काही गेली. गेलेल्यांच्या आया परत येत नसत, पण निरोप यायचा, आणि तू हातातलं काम थांबवून म्हणायचीस, "लई उशिरा आणलं गं तिनं." दर वेळी हेच. उशीर झाला. माझ्या वेळेलाही तू हेच धरून बसली होतीस की आबांनी म्हातारीला आषाढात आणलं, शिमग्यातच आणलं असतं तर एवढी तकलीफ झालीच नसती, ना तुला ना मला. माय, मी या एका वाक्यावर फार विचार केला आहे. सगळी चूक तिथं आहे. लोखंड चालतं का, हे तू कधी विचारलं नाहीस, कारण चालल्याची खूण तुझ्या घरातच हिंडत होती. ते लवकर का दिलं नाही, एवढंच तू विचारत राहिलीस.

आणि मग ती झाली. मला बहीण झाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. तीही दिवस भरायच्या आधीच आली, माझ्यासारखीच, आणि हळदीच्याच दिवसांत. माझ्यापेक्षा बारीक होती. केस मात्र भरपूर, ओले असले की कपाळाला चिकटून बसायचे. तिला माझ्या मांडीवर द्यायचीस तेव्हा मला मान कशी धरायची ते दर वेळी नव्यानं सांगायचीस, जसा काही मी दर वेळी विसरत होतो. पाचवी पूजली आणि त्यानंतर तिचं पोट फुगायला लागलं. हिरवं ओकली. तू बाजेवर बसून तिचं पोट दाबून पाहिलंस आणि काकूला म्हणालीस, "ह्याच्यासारखंच हाय. बराबर ह्याच्यासारखं." तुझ्या आवाजात भीती नव्हती. हे मला आजही सगळ्यात जास्त छळतं. तुझ्या आवाजात सुटका होती. या वेळी उशीर होणार नव्हता.

आबा दारात येऊन उभे राहिले. चुलवणाच्या धगीनं त्यांचं तोंड लाल झालं होतं. म्हणाले, "वसमतला दवाखाना हाय. गाडी जुंपू का?" तू म्हणालीस, "दुनियेच्या लेकरायला माहा हात लागतो, न् माह्या लेकराला दवाखाना? तुमी तुमची हळद बघा." ते उभे राहिले थोडा वेळ. मग गेले. कढईखालचा जाळ सोडून त्यांना फार वेळ थांबता येत नव्हतं, आणि तसंही तुझ्यावर त्यांचा विश्वास होता. सगळ्या भागाचाच होता.

बाजेखाली शेकाचे निखारे होतेच. काकूनं त्यात विळा सारला. तू मला हाक मारलीस. मी आलो, आणि या वेळी तू सांगायच्या आधीच सदरा वर केला, कारण ती माझी बहीण होती आणि तिला बरं व्हायचं होतं. तू माझ्या डागांवर बोट ठेवलंस. मी मोठा झालो होतो, माझ्याबरोबर डागही लांब लांब पसरले होते; तू ते अंतर मनातल्या मनात आवळून तिच्या मुठीएवढ्या पोटावर बसवलंस. तुझा हात जरासुद्धा हलला नाही. ती किंचाळली, मग तिचा आवाज बसला, मग नुसतं तोंड उघडं राहिलं. खोलीत हळदीच्या वासात दुसरा वास मिसळला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. काकू तोंड फिरवून उभी होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "देठ लावून बघायचा का गं? त्याच्या टायमाला तू लावत व्हतीस." तू म्हणालीस, "आता काहून? डाग दिला ना. उतरंलच आता."

तू तिला छातीशी धरून बसलीस आणि पोट उतरायची वाट बघत राहिलीस. बोळा नाही, देठ नाही. ते सगळं डाग मिळायच्या आधीचं, अडाणीपणाचं, नाइलाजाचं होतं तुझ्या मनात. पोट उतरलं नाही. डाग चिघळले, त्यांच्या कडा लाल झाल्या, अंग तापलं. तू डागांवर लोणी लावलंस, हळद लावलीस. एका दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा आबा ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसले होते, आणि मागच्या बाजूला चुलवण विझलेलं होतं. शिजत घातलेली हळद कढईतच तशीच पडली होती, आणि आबा असं कधी करत नसत, त्यामुळे मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. तिचं बारसं व्हायचं होतं. तिला आम्ही नुसतं बाई म्हणायचो.

त्यानंतर तू विळा हातात धरला नाहीस. बायका येत राहिल्या. गुणाची बातमी गावोगाव जाते, गुण गेल्याची जात नाही. तू दाराआडूनच सांगायचीस, "माहा हात गेला गं बाई, दुसरं कुणी बघ." काहींनी तुला शिव्या दिल्या. तू कारण शोधत राहिलीस. त्या दिवशी कोणता वार होता, बाळंतपणाच्या विटाळात लोखंड धरायला नको होतं का, मागं कोणी पायरीवर मूठभर ज्वारी ठेवून गेलं होतं ती तू परत केली नाहीस म्हणून तर नाही. एका सकाळी तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि मी पाटी घेऊन शेजारी बसलो होतो. तू थापता थापता थांबलीस आणि मला विचारलंस, जसं मोठ्या माणसाला विचारावं तसं. "तू शाळंत जातूस. सांग बरं मला. समद्याच्या लेकराला माहा हात लागला. माह्याच लेकराला काहून न्हाई लागला?" तव्यावरची भाकरी करपली. मला काय येणार होतं? मी पाटीकडं बघत राहिलो, आणि तू ती करपलेली भाकरी आपल्या ताटात ठेवून दुसरी थापायला घेतलीस.

निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो शेवटचा पावसाळा. रझाकारांच्या भीतीनं लोक पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात पळत होते, रस्ते बंद होते, आणि आबांनी आपल्याला साखऱ्याला तुझ्या माहेरी आणून ठेवलं होतं. तिथं तुला ताप आला आणि तो उतरला नाही. औषध आणायला जायला वाट नव्हती. तापात तू बडबडायचीस ते सगळं तिच्याबद्दल होतं. तू गेल्यावर काही आठवड्यांनी हिंदुस्थानची फौज आली, लोक रस्त्यावर नाचले, मामानं मला खांद्यावर घेतलं. मी तेव्हा खांद्यावर घ्यायच्या वयाचा उरलो नव्हतो, आणि मला काही सोसत नव्हतं.

आता ते सांगतो जे मला तेव्हा येत नव्हतं. तू विचारलंस म्हणूनच मी डॉक्टर झालो असं म्हटलं तर ते फार शोभेल, पण तसं काही नाही. मार्क बरे पडले, शिकायला सरकारी वजिफा मिळाला, गेलो. शरीर कसं चालतं ते शिकवण्याचा विषय घेतला, रोगी बघण्याचा नाही, कारण रोग्यांशी माझं पटत नसे. कॉलेजात पहिल्याच वर्षी आम्हाला एक प्रयोग असायचा. सशाच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात टांगायचा, पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, तुकड्याला दोरा, दोऱ्याला काडी, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला टेकवलेलं. ससा मेलेला असतो. मेंदू नाही, काळीज नाही, काही नाही. आणि तो तुकडा आपलाआपण आखडतो, सैल होतो, पुन्हा आखडतो, आणि काडी काजळीवर पांढऱ्या लाटा काढत जाते. बाकीची पोरं हसत होती. माझा हात आपोआप सदऱ्यावरून पोटावर गेला. याला कोण सांगतंय, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, स्नायूचा गुणच तसा. गुण हा शब्द ऐकला की मला तेव्हाही राग यायचा.

स्नायूचा गुण नव्हता तो. आतड्याच्या स्नायूंच्या थरांमध्ये काही वेगळ्याच पेशी असतात, किरकोळ अंगाच्या, लांब हातांच्या, एकमेकींचे हात धरून जाळं करून बसलेल्या. स्पेनमधल्या एका शास्त्रज्ञानं त्या फार पूर्वी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या, पण त्या काय काम करतात हे कळायला माझं निवृत्तीचं वय जवळ आलं. प्रत्येक पेशीत चुन्यात असतं त्याच कॅल्शियमची इवली कोठारं असतात. ती आपसूक थोडी उघडतात आणि पुन्हा भरतात. उघडली की पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, विजेचा भार आतला बाहेर होतो, आणि त्या पेशीत एक हलकी लाट उठते. ती शेजारणीला लागते, तिच्याकडून पुढच्या शेजारणीला. जठरात मिनिटाला तीनेक लाटा, आतड्याच्या सुरुवातीला बाराच्या आसपास, खाली खाली सावकाश. तुला सांगायचं तर आपल्या मळ्यातली मोट आठव. बैल धावेच्या उतारावरून खाली जातो, मागं येतो, पुन्हा खाली जातो. मोट बुडाली नसेल तर तो रिकामाच जातो, पण जातो. ही लाट म्हणजे त्या बैलाचं चालणं. अन्न आलं, नसांनी इशारा केला, की त्या लाटेवर स्नायू आवळतो आणि आतलं पुढं सरकतं. बैलच उभा राहिला तर विहिरीत कितीही पाणी असून उपयोग नाही.

आणि काही लेकरांत, खास करून दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकरांत, या पेशी जन्मताना तयारच नसतात. आतड्याला पीळ नसतो, कुठं काही अडकलेलं नसतं, तरी पोट फुगतं, हिरवं ओकतं, शी होत नाही. मी हे वाचलं ते कॉलेजच्या वाचनालयात, एका परदेशी मासिकात. तिथल्या डॉक्टरांनी काय केलं होतं? काहीच नाही. पोटातली हवा काढत राहिले, लेकराला थोडं थोडं पोसत राहिले आणि थांबले. काही महिन्यांनी पेशी वयात आल्या आणि आतडं आपोआप चालू झालं. मी ते पान पुन्हा वाचलं. मग मासिक मिटून टेबलावर ठेवलं आणि शिपाई दिवे घालवायला आला तोवर तिथंच बसून राहिलो. थेंबाथेंबानं पोसायचं, हवा काढत राहायचं, आणि थांबायचं. बोळा आणि देठ. शिमग्यापासून आषाढापर्यंत तू नेमकं हेच करत होतीस, आणि म्हातारी आली तेव्हा माझ्या पेशी जाग्या व्हायच्या बेतातच होत्या. सगळे उपाय थकल्यावर लोक डागायला नेतात, आणि सगळे उपाय थकेपर्यंत जे लेकरू तगतं ते बहुधा तगणारच असतं. लोखंड तेवढं वेळेवर येऊन उभं राहिलं आणि सगळं श्रेय घेऊन गेलं.

माझं पोट कोणी उघडून बघितलेलं नाही, तिचंही नाही. त्यामुळे हा माझा अंदाज आहे. पण मी आयुष्यभर हेच काम केलं, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. मला राग येतो माय, तुझा येतो, म्हातारीचा येतो, गुपचूप हळदीकडं परत गेलेल्या आबांचा येतो. शिकत असताना लेकरांच्या वॉर्डात ड्यूटी लागायची तेव्हा डागलेलं लेकरू आलं की मी त्याच्या माणसांवर असा ओरडायचो की नर्सा येऊन मला बाजूला न्यायच्या. एकदा एक म्हातारी उलटून मला म्हणाली, "मंग काय करायचं व्हतं, सायेब? लेकरू फुगून राहिलं, न् आमी नुसतं बघत बसायचं?" मी तिला काहीतरी फाडकन बोललो. पण खरं उत्तर तेच होतं. हो, बघत बसायचं; थेंब थेंब पाजायचं, हवा काढायची आणि बसायचं. त्याहून अवघड काम जगात नाही, आणि तू ते एकदा पुरं करून दाखवलं होतंस.

म्हणून हा कागद घेतला होता, तुला हे एक सांगायला: मी वाचलो तो तुझ्याच हातानं. लोखंड धरलेल्या नाही, बोळा धरलेल्या हातानं. तुझा हात कधी गेला नव्हता, कोणत्याही वाराचं, कोणत्याही ज्वारीचं पाप त्याला लागलेलं नव्हतं. किती वर्षं हे वाक्य मी तुझ्यासाठी जपून ठेवलंय. पण आता लिहून झाल्यावर दिसतंय की ते तुला देता येण्यासारखं नाही. तू अडाणी होतीस, पण खुळी नव्हतीस. तू क्षणभर माझ्याकडं बघशील आणि विचारशील, "मंग तिला बी बोळा न् देठच पुरला असता, व्हय ना?"

पुरला असता, माय. बहुधा पुरला असता. सगळी उमर मी पोरांना वर्गात बजावत आलो की ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, थापा मारू नका. पण तू समोर बसून मला हे विचारलंस, तर मी पाटीकडं बघत म्हणेन, मला ठाऊक न्हाई.